ब्रेक पेडल खाली बसतंय : जुन्या गाड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे इंदूरला लोकमान्य नगरात १९९८ ची मारुती ८०० आहे, बाबांनी घेतलेली, अजून रोज रस्त्यावर असते. मी इथल्या जीएसआयटीएस कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, नोकरी पुढे वेगळ्याच लाइनीत लागली, पण या गाडीचे ब्रेक मात्र मीच उघडते. त्यामुळे नात्यात, ओळखीत, शेजारीपाजारी कुणाच्या जुन्या गाडीचा ब्रेक नरम झाला की फोन मला येतो आणि प्रश्न दरवेळी जवळपास तेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय.

पेडल नरम झालंय, कोणता पार्ट बदलू?

आधी काहीच बदलू नका. "नरम" हा एकच शब्द आपण चार वेगवेगळ्या तक्रारींसाठी वापरतो आणि चारही तक्रारींचं कारण वेगळं असतं. गाडी सपाट जागी उभी करा, चाकाला पुढून-मागून विटा लावा, हँडब्रेक सध्या सोडलेला ठेवा, इंजिन चालू करा आणि फक्त पाय ठेवून बघा पेडल काय करतंय ते. घाई करू नका, पाच मिनिटं द्या, ही पाच मिनिटं पुढचे हजारो रुपये वाचवतात.

पेडल स्पंजासारखं दबतंय, टणक असं कुठे लागतच नाही आणि भराभर दोन-तीनदा मारलं की वर येतं, तर बहुतेक लाइनीत, म्हणजे ब्रेक ऑइलच्या पाइपांत, हवा आहे, नाहीतर चाकाजवळचा होज (रबरी नळी) फुगतोय. पेडल बरंच खाली जातं पण खाली गेल्यावर तिथे दगडासारखं टणक लागतं आणि दुसऱ्या दाबाला उंच येतं, तर मागच्या चाकांतले शू (आतून दाबून ब्रेक लावणारे तुकडे) ड्रमपासून (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यापासून) लांब गेलेत, म्हणजे त्यांची ॲडजस्टमेंट हवी. पेडल नीट धरतं पण पाय तसाच दाबून ठेवला की हळूहळू खाली सरकत जातं, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाच्या) आतलं रबर गेलं किंवा कुठेतरी गळतंय. आणि चौथा प्रकार, घरी सगळं छान आणि घाट उतरताना पेडल मऊ, तो ब्रेक ऑइलचा प्रश्न आहे, त्याच्यावर खाली वेगळं लिहिलंय कारण माणसं सगळ्यात जास्त त्यातच फसतात.

कधीकधी दोन कारणं एकत्र पण असतात, जुनी गाडी आहे शेवटी, तेव्हा एक सापडलं म्हणून थांबू नका.

दोनदा पंप केलं की ब्रेक लागतो, मग चालवली तर काय होतं?

नका चालवू. समोर मूल आलं तर दोनदा दाबायला वेळ मिळत नाही. ५० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते, आपल्या राजवाड्याच्या गल्ल्यांमध्ये १४ मीटर म्हणजे किती ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय पंप करून चालवायची पायाला सवय लागते आणि मग पेडल रोज थोडं थोडं बिघडत जातं ते कळतच नाही. माझ्या काकांनी असं तीन महिने चालवलं होतं आणि "आमचा ब्रेक पहिल्यापासून असाच आहे" म्हणायचे, मागचं चाक काढलं तर आतून टायर ऑइलने ओला.

मेकॅनिक म्हणतो "भिया, लाइन में हवा है", काढून दिली, पंधरा दिवसांनी परत तेच. असं का?

कारण हवा आली कुठून हे कुणी विचारलंच नाही. ब्रेकची लाइन बंद असते, तिच्यात आपोआप हवा शिरत नाही. एक तर कुणीतरी लाइन उघडली होती, म्हणजे होज बदलला, कॅलिपर (पुढच्या चाकात डिस्कवर पॅड दाबणारा भाग) काढला, आणि नंतर हवा नीट काढली नाही. किंवा मास्टरच्या वरच्या डबीतलं ऑइल इतकं कमी झालं की मास्टरने हवा ओढली, आणि ऑइल कमी झालं म्हणजे ते कुठेतरी गेलं. कुठे गेलं ते शोधायचं.

शोधायच्या जागा फार नाहीत. मागच्या चाकांची आतली बाजू बघा, ड्रमच्या खालच्या कडेला ओल किंवा टायरच्या आतल्या भिंतीवर चिकट डाग आहे का. ड्रम काढून व्हील सिलिंडरची (शू बाहेर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरची) रबरी टोपी बोटाने हळूच उचला, आत ऑइल साचलेलं असेल तर तो सिलिंडर गेला. पुढे कॅलिपरच्या पिस्टनभोवती आणि होजच्या दोन्ही टोकांना बघा. लोखंडी पाइप मागे जातो तो गाडीच्या पोटाखालून जातो, क्लिपांखाली चिखल बसून तिथेच गंज खातो, आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात अशी चिकटते की दिवाळीपर्यंत निघत नाही. आणि एक जागा सगळे विसरतात, आत पायाशी, पेडलच्या वरच्या बाजूला. मास्टरचं मागचं रबर गेलं की बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्युमवर पायाला जोर देणारा गोल डबा) नसलेल्या गाडीत ऑइल पेडलच्या दांडीवरून खाली येतं आणि मॅटिंग ओलं होतं. बूस्टर असेल तर ते बूस्टरच्या पोटात जातं आणि बाहेर थेंबही दिसत नाही, मास्टर आणि बूस्टरच्या जोडाखाली रंग फुगलेला किंवा सोललेला दिसला तर समजा. ब्रेक ऑइल रंग खातं, ती खूण खोटं बोलत नाही.

डबीतली पातळी हळूहळू कमी होणं मात्र दरवेळी गळती नसते, पुढचे पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि तेवढं ऑइल खाली उतरतं, ते नॉर्मल आहे. आठवड्यात बोटभर कमी झालं तर ते नॉर्मल नाही.

हँडब्रेक ओढून बघ असं कुणीतरी सांगितलं, त्याने काय कळतं?

खूप छान कळतं. आपल्या बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांना पुढे डिस्क, मागे ड्रम. हँडब्रेक फक्त मागचे शू वायरने उघडतो, ऑइलचा त्याच्याशी संबंध नाही. आधी हँडब्रेक सोडून पेडल दाबून बघा किती खाली जातं, मग हँडब्रेक पूर्ण ओढा आणि परत दाबा. आता पेडल एकदम उंच आणि टणक लागलं तर शू ड्रमपासून लांब होते, पेडलची अर्धी चाल त्यांना ड्रमपर्यंत न्यायलाच खर्च होत होती. शू ॲडजस्ट करा, शूवरचा लायनर (घासणारा थर) संपला असेल तर दोन्ही चाकांचे बदला. हँडब्रेक ओढून काहीच फरक पडला नाही तर मागच्या ॲडजस्टमेंटला हात लावू नका, कारण दुसरीकडे आहे.

यात एक चुकीची सवय सांगते, हँडब्रेक ढिला झाला की थेट वायर ताणतात. आधी शू ॲडजस्ट, मग वायर. उलटं केलं तर शू अर्धवट उघडे राहतात, ड्रम तापतो आणि पेडल होतं तसंच.

सिग्नलला उभी असताना पेडल हळूहळू खाली जातं, पण चालताना ब्रेक मस्त लागतो?

हे मास्टर सिलिंडरचं अगदी नेहमीचं लक्षण. आत पिस्टनवर रबरी कप असतात, आपले लोक वॉशर म्हणतात, ते झिजले किंवा सिलिंडरच्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले की ऑइल कपाच्या बाजूने मागे सरकतं. जोरात दाबलं की कप भिंतीला दाबला जातो आणि धरतो, हळू दाबलं की सरकतो, म्हणून पलासियाच्या सिग्नलला हलका पाय ठेवून उभे राहिलात की गाडी पुढे सरकायला लागते आणि एमर्जन्सीत मात्र ठीक वाटतं. ठीक वाटतं म्हणून सोडू नका, उद्या जोरात दाबल्यावर पण धरणार नाही.

टेस्ट सोपी, हलका पण एकसारखा दाब ३० ते ६० सेकंद ठेवा. खाली गेलं आणि बाहेर कुठेच ओल नाही, डबीतलं ऑइल पण कमी होत नाही, तर आतल्या आत सरकतंय. मग किट (नुसती आतली रबरं) टाकायचं की पूर्ण मास्टर? माझं मत स्पष्ट आहे. भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तरच किट. नखाला खड्डा लागला तर पूर्ण मास्टर बदला, नवीन रबर खड्ड्यावर घासून सहा महिन्यांत जातं. छोटी ग्वालटोलीत पार्ट घेताना जुना मास्टर बरोबर न्या, बोअरचा (आतल्या व्यासाचा) आकडा त्याच्यावर कोरलेला असतो, थोडा मोठा बोअर बसवला की पेडल टणक लागतं आणि लोक खूश होतात पण ब्रेक लावायला पायाला जास्त जोर लागतो.

इंजिन चालू करताना पेडल थोडं खाली जातं, बिघडलंय का?

नाही, ही तर बूस्टर चांगला असल्याची खूण. इंजिन बंद करून चार-पाच वेळा दाबा म्हणजे साठलेला व्हॅक्युम संपतो, मग पेडल दाबून ठेवून स्टार्ट मारा, थोडं खाली गेलं पाहिजे आणि तिथे थांबलं पाहिजे. बूस्टर गेला की पेडल नरम नाही, दगडासारखं कडक होतं. नरम पेडलसाठी कुणी बूस्टर बदलायला सांगितला तर आधी कारण विचारा.

घाटात पेडल गेलं, घरी आल्यावर एकदम ओके. मेकॅनिकला काही सापडत नाही.

हे माझ्यासोबत झालंय म्हणून सविस्तर सांगते. मे महिना, ओंकारेश्वरला निघालो होतो, आईबाबा मागे, सिमरोल सोडून भेरूघाट उतरत होतो. पुढे भरलेला ट्रक, त्यामुळे मी थर्डमध्येच आणि पाय सतत ब्रेकवर, ही माझी चूक होती, सेकंड टाकायला पाहिजे होता. तिसऱ्या-चौथ्या वळणाला पेडल अर्धं खाली गेलं आणि पुढच्या वळणाला जवळजवळ फ्लोअरला. पंप मारत, सेकंड, मग फर्स्ट टाकत कशीतरी कडेला लावली. तासभर थांबलो, चहा प्यायलो, पेडल दाबलं तर पहिल्यासारखं टणक. बाबा म्हणाले तुझा भास असेल. भास नव्हता.

झालं असं की ब्रेक ऑइल, ज्याला आपण ऑइल म्हणतो पण ते तेल नसतंच, ग्लायकॉलचं द्रव असतं, ते हवेतलं पाणी शोषतं. होजच्या रबरातून, डबीच्या झाकणातून, हळूहळू वर्षानुवर्षं. नवं डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) कमीत कमी २०५ डिग्री सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच हद्द १४० वर येते. डॉट ४ ला हे आकडे २३० आणि १५५. घाटात पॅड आणि कॅलिपर तापतात, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते, तुमचा पाय बुडबुडे दाबत राहतो, पॅडपर्यंत काही पोचत नाही. थंड झालं की वाफेचं परत द्रव, पेडल परत टणक, मेकॅनिकला काय सापडणार!

माझ्या गाडीची सर्व्हिस नियमित व्हायची, बिलावर "ब्रेक ऑइल" लिहिलेलं असायचं, पण ते वरून टाकलेलं असायचं, जुनं कधी काढलंच नव्हतं. डबीतलं वरचं सोनेरी आणि कॅलिपरच्या निपलातून (हवा आणि ऑइल काढायच्या छोट्या स्क्रूतून) काढलं तर चहासारखं काळं. तेव्हापासून दर दोन वर्षांनी पूर्ण बदलते, पावसाळा संपल्यावर. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरायचं म्हटलं की खंडवा रोडला भेरूघाट आहे आणि एबी रोडने महेश्वरला जायचं तर मानपूरचा उतार आहे, आपल्याला घाट टळत नाही. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, ब्रेक दाबा-सोडा, सतत घासत ठेवू नका.

कोणतं ऑइल टाकू? डॉट ३, डॉट ४, डॉट ५?

डबीच्या झाकणावर लिहिलंय ते. डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं, दोन्ही ग्लायकॉलचे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं आहे, ते यात मिसळायचं नाही, आणि नावात गोंधळ होतो, डॉट ५.१ परत ग्लायकॉलचंच. बाटली सीलबंद आणि छोटी घ्या. अर्धी वापरलेली, वर्षभर कपाटात पडलेली बाटली टाकू नका, तिने तोपर्यंत पाणी पिऊन घेतलेलं असतं.

चुकून पॉवर स्टिअरिंगचं ऑइल पडलं डबीत!

गाडी चालवू नका, पेडल पण दाबू नका. खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात. पेडल दाबलं नसेल आणि लगेच लक्षात आलं तर डबी काढून रिकामी करून साफ करता येते. दाबलं असेल, दोन-चार दिवस चालवली असेल, तर मास्टर, व्हील सिलिंडर, कॅलिपर, होज, सगळी रबरं बदलायची आणि लोखंडी लाइन धुवायची. महाग आहे, माहीत आहे, पण यात मधला मार्ग नाही. याच कारणाने ब्रेकचे आतले पार्ट रॉकेल, डिझेल, पेट्रोलने धुऊ नका, स्वच्छ ब्रेक ऑइलने धुवा.

घरी हवा कशी काढायची?

दोन माणसं लागतात. आमच्याकडे भाचा पेडलवर बसतो आणि मी खाली, आणि आमचे तीनच शब्द ठरलेले आहेत, "दाब", "धर", "सोड", चौथं काही बोलायचं नाही. निपलवर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीत, बाटलीत थोडं ब्रेक ऑइल असं की टोक बुडालेलं राहील. "दाब" म्हटलं की तो हळू दाबतो, मी निपल पाव आटा खोलते, ऑइल आणि बुडबुडे येतात, पेडल खाली पोचायच्या आत "धर" म्हणत मी निपल बंद करते, मगच "सोड". निपल उघडा असताना पेडल सोडलं की हवा परत आत, सगळी मेहनत वाया.

मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करायचं, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत सहसा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांची लाइन तिरकी विभागलेली असते, तिथे क्रम वेगळा, गाडीचं मॅन्युअल बघा. दर पाच-सहा दाबांनी डबी बघा, रिकामी झाली की पहिल्यापासून सुरू.

जुन्या गाडीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पेडल फ्लोअरपर्यंत मारू नका. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टरच्या आत रोज पिस्टन जातो तेवढीच भिंत गुळगुळीत असते, त्याच्या पुढे वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ, फ्लोअरपर्यंत दाबलं की रबर त्याच्यावरून घासतं आणि चांगला मास्टर हवा काढतानाच जातो. मग लोक म्हणतात हवा काढल्यापासून बिघडला, आणि ते खरंच असतं.

निपलला रिंग पानाच लावा, साध्या पान्याने कोपरे गोल होतात. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचं स्प्रे मारून ठेवा, तुटला तर कॅलिपरच जातो. गाडी जॅकवर सोडून खाली जाऊ नका, स्टँड लावा, विटांवर गाडी कधीच नाही. आणि ड्रममधली धूळ फुंकू नका, एअर मारू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुफ्फुसांना घातक असतं, ओल्या फडक्याने पुसा.

तीनदा हवा काढली, एक बुडबुडा येत नाही, तरी स्पंजी. आता?

मामेभावाच्या गाडीत असंच झालं होतं, महिनाभर फिरला बिचारा, मास्टर बदलून झाला, पॅड बदलून झाले. मी खाली वाकून बघितलं तर पुढच्या दोन्ही कॅलिपरचे निपल खालच्या बाजूला. कुठल्यातरी गॅरेजमध्ये कॅलिपर ओव्हरहॉल करताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. हवा वर जाते, निपल खाली, मग जन्मभर काढा, वरची हवा निघणारच नाही. अदलाबदल केली, अर्ध्या तासात पेडल टणक. तेव्हा निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे ना, एवढं आधी बघा.

ते ठीक असेल तर रबरी होज. कुणाला तरी पेडल जोरात दाबायला सांगून होज हातात धरा, फुगताना जाणवतो. वरून भेगा दिसल्या, नरम पडला असेल, तर सगळे होज एकदम बदला. तिसरं, पुढची बेअरिंग ढिली किंवा डिस्क वाकडी, चाक फिरताना डिस्क डगमगते आणि पिस्टन मागे ढकलते, म्हणून वळण घेतल्यावर पहिला ब्रेक खाली जातो आणि दुसरा ठीक लागतो. चाक उचलून वर-खाली हलवून बघा.

आमच्याकडे ॲम्बेसेडर / पद्मिनी आहे, हेच सगळं लागू होतं?

होतं, पण जास्त जपून. अशा कितीतरी गाड्यांना चारही चाकांना ड्रम, म्हणजे ॲडजस्टमेंट चारही ठिकाणी बघायची. आणि जुन्या गाड्यांत मास्टर एकाच सर्किटचा, म्हणजे चारही चाकांची ऑइलची लाइन एकच, एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. नंतरच्या गाड्यांत दोन सर्किट असतात, एक गेलं तरी पेडल खूप खाली जाऊन का होईना अर्धा ब्रेक राहतो. सिंगल सर्किटवाल्यांनी हँडब्रेक कायम नीट ॲडजस्ट केलेला ठेवा, तुमच्याकडे दुसरं काही नाहीये.

चालत्या गाडीत पेडल फ्लोअरला गेलं तर?

भराभर पंप मारा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा, एकदम ओढलात तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. इंजिन बंद करू नका, न्यूट्रल तर अजिबात नको. हॉर्न आणि इंडिकेटर चालू. घाटात दरीकडे नाही, डोंगराकडे. थांबल्यावर पेडल परत आलं तरी स्वतः चालवत घरी नेऊ नका, उचलून न्या.

काम झाल्यावर चेक कसं करू?

इंजिन बंद ठेवून पेडल जोरात एक मिनिट दाबून ठेवा आणि तेवढ्यात दुसऱ्याने चारही चाकांशी टॉर्च मारून ओल बघावी. मग रिकाम्या जागी १० च्या स्पीडला, मग २० ला, गाडी एका बाजूला ओढतेय का बघा. लगेच सुपर कॉरिडॉरसारख्या मोठ्या रस्त्यावर पळवू नका. पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्रात नुसत्या ब्रेकच्या टेस्टसाठी वेगळा ट्रॅक बांधलाय, कंपन्या नवी गाडी त्याच्यावरून घासून मग विकतात, आपण पंचवीस वर्षांच्या गाडीचं काम करून थेट ट्रॅफिकमध्ये घालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी डबीची पातळी परत बघा, मी डबीवर पेनने रेघ मारून ठेवते.

काढलेल्या काळ्या ऑइलचं काय करू?

परत वापरायचं नाही, गाळून पण नाही. नालीत, झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, विषारी आहे आणि कुत्री-मांजरी चाटू शकतात. झाकणाच्या बाटलीत भरून वर नाव लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि सकाळी कचरागाडी आली की घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्या, गाडीवाल्या दादाला काय आहे ते सांगून. रंगावर थेंब सांडला असेल तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.